धडक मारून खेळणारा

आमचा कुत्रा भांडत नाही, खेळतो. गेल्या हिवाळ्यात हे वाक्य मी मनातल्या मनात रोज म्हटलं आणि तोंडाने फार तर दोन-तीनदा. ज्यांना म्हटलं त्यांना पटलं नाही, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. साखळी सुटली की तो गल्लीच्या एका टोकापासून छाती पुढे काढून धावत सुटतो आणि समोरच्या कुत्र्याच्या बरगडीत जाऊन आदळतो. ते उलटं पडलं की त्याच्या मानेवर जबडा ठेवून उभा राहतो. खालचं कुत्रं केकाटत असतं आणि वर हा शेपूट हलवत असतो. मग तो माझ्याकडे बघतो. काहीतरी छान करून दाखवल्यासारखं. त्या बघण्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

त्या हिवाळ्यात प्रश्न एवढाच होता की तो नीट खेळायला शिकतो की किन्हीराजा गावी वावरात, म्हणजे शेतात, जातो. वावरात गेला तर जगणार नाही, हे मला माहीत होतं.

इथे मी कोणाचंच नाव लिहीत नाही, कुत्र्याचंही नाही. वाशीम लहान गाव आहे, आमची गल्ली त्याहून लहान, आणि माझ्याविषयी बोलायला लोकांकडे आधीच पुरेसं आहे.

त्याला आणलं मोठ्या बाबांनी. मोठे बाबा म्हणजे पप्पांचे थोरले चुलत भाऊ. ते किन्हीराजाला असतात आणि आमचंही थोडं वावर तिकडे आहे, ते तेच बघतात. दीड वर्षापूर्वी एका दुपारी ते मोटारसायकलवर आले, हँडलला अडकवलेल्या कापडी पिशवीत हात घातला आणि एक पिल्लू काढून आईच्या हातात दिलं. जेमतेम तीन आठवड्यांचं असेल. नीट उभंही राहत नव्हतं. त्याचे दोन्ही कान कापलेले होते आणि जखमेवर तेल-हळद थापलेली होती.

"अवो दादा, हे काय केलं?" आई म्हणाली.

"कान ठेवले की डुक्कर कानालेच धरते," मोठे बाबा म्हणाले. "आन् कान काटले की कुत्रं तेज निंगते. पाहाल तुमी."

वावरातल्या कुत्र्यांचे कान लहानपणीच कापायचे, ही आमच्याकडची जुनी रीत आहे. हरभऱ्यात रात्री रानडुकरं शिरतात, त्यांच्यावर जाणाऱ्या कुत्र्याचा कान लोंबता नको, असं त्यामागचं कारण. आमच्या गल्लीत रानडुक्कर कुठून येणार, हे त्या दिवशी कोणी विचारलं नाही. मला सुचलं होतं. पण मोठ्या माणसाला विचारायचा प्रश्न मी मनात नीट मराठीत लावेपर्यंत त्यांचा चहा संपलेला असतो. हे माझं नेहमीचं आहे. पहिलीपासून इंग्रजी शाळा, घरी वऱ्हाडी, आणि या दोन्हींच्या मधे मी गप्प. आता मी घरी बसून एका कंपनीसाठी ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं लिहिते. दिवसभर अनोळखी लोकांची इंग्रजीत माफी मागते आणि ती माफी इतकी छान असते की काही लोक उलट धन्यवाद देतात. गल्लीत मात्र मी घमंडी पोरगी आहे.

पिल्लू वाढलं. पप्पांनी त्याच्यासाठी जिन्याखाली साखळी बांधली आणि नियम केला: दिवसभर बांधायचं, संध्याकाळी सोडायचं. दिवसा बांधलेलं कुत्रं तेज राहतं, असं पप्पांना त्यांच्या वडिलांनी सांगितलं होतं. पप्पा सरकारी कार्यालयात आहेत, फायलीवर दोन सह्या असल्याशिवाय कशावर विश्वास ठेवत नाहीत, पण हे त्यांनी कधी तपासून बघितलं नाही. ऑफिसातून आले की ते गळ्यातला दुपट्टा त्याच्यापुढे नाचवायचे. तो दुपट्टा पकडून गुरगुरत ओढायचा आणि पप्पा खूश व्हायचे. "पाहा, कसा वाघ हाय!"

आणि मी? मी त्याला माझ्या लोकरी मोज्यात हात घालून चावायला दिला. तो झोंबायचा, मी हसायचे, आई व्हिडिओ काढायची. त्यातला एक मी स्टेटसलाही ठेवला होता. जितका जोरात चावेल तितकं समोरचं हसतं, हे त्याला आमच्याच घरात शिकवलं गेलं. हे मी सगळ्यांवर रागावते तेव्हा सोयीने विसरते.

आमच्या गल्लीच्या टोकाला विहार आहे आणि विहारासमोर एक मोकळा प्लॉट. संध्याकाळी गल्लीतली कुत्री तिथे जमतात. दोन घरं पलीकडे एक काकू राहतात, ओट्यावर शिलाई मशीन टाकून ब्लाउज आणि पिको-फॉलचं काम करतात. त्यांच्या ओट्यावर एक तांबडी कुत्री असते. काकू म्हणायच्या, ती माझी नाही, आपली आपण येऊन राहिली. पण तिच्यासाठी वेगळी भाकर थापायच्या. तांबडी चार-पाच वर्षांची, शांत, आणि साऱ्या गल्लीत एकटी तीच आमच्या कुत्र्याशी खेळायची. बाकीची कुत्री त्याला लांबून बघूनच भिंतीकडे सरकायची. तांबडी पडायची, उठायची, अंग झटकायची आणि पुन्हा यायची. मला वाटायचं, तिला आवडतं. मी असं समजून घेतलं, कारण ते मला सोयीचं होतं.

प्लॉटच्या कोपऱ्यावर पानठेला आहे. तिथे उभ्या असणाऱ्यांना आमचा कुत्रा म्हणजे फुकटचा तमाशा. तो धावत निघाला की त्यांच्यातला कोणीतरी ओरडणार, "छू! लाव, लाव!" आणि दुसरा, "पाडली रे पाडली!" मला त्यांना सांगायचं होतं, ओरडू नका, त्याला चेव येतो. साधं वाक्य आहे. सहा महिने ते मी तोंडात घोळवलं आणि मान खाली घालून कुत्र्याला हाका मारत राहिले. तो येत नव्हता.

मग एका बुधवारी व्हायचं ते झालं. पानठेल्यावरून "छू" आलं, याने धडक दिली, तांबडी सिमेंटच्या पाइपावर पडली आणि त्याने तिची मान धरली. ती ज्या आवाजात ओरडली तो मी आधी ऐकला नव्हता. त्याने ऐकलं असेल तर त्याला त्याचा अर्थ कळला नाही. मी त्याला मागचे पाय धरून ओढून काढलं. तांबडीच्या मानेची कातडी बोटभर उघडी पडली होती.

काकू धावत आल्या. "खेळते म्हणतं ना? हे खेळणं हाय? मारून टाकत होतं ते!"

मी ऑटो थांबवला, तांबडीला काकूंच्या जुन्या पातळात गुंडाळलं आणि आम्ही दोघी जनावरांच्या दवाखान्यात गेलो.  डॉक्टरांनी चार टाके घातले. तिला धरून ठेवणारे, मलमपट्टी करणारे ड्रेसर वयस्कर होते, चष्मा दोऱ्याने बांधलेला. त्यांनी विचारलं, चावलं कोणाचं कुत्रं? मी मोबाइलवर फोटो दाखवला.

"कान काटेल हायेत याचे."

"हो."

"मंग या बिचारीले समजावं तं कसं समजावं?" ते कापूस चिमट्यात धरत म्हणाले. "हा हासून राह्यला का चिडून राह्यला, तोंडावर काही दिसते काय?" आणि लगेच दाराकडे बघून, "हं, बकरीवाले, या इकडं."

एवढंच. त्यांच्या लेखी ते बोलणं तिथेच संपलं. माझं डोकं मात्र घरी येईपर्यंत त्याच वाक्यावर अडलेलं होतं. मी माझ्या मोबाइलमधले जुने व्हिडिओ काढले आणि एकेक हळू करून बघितला. तांबडी खेळायच्या मूडमध्ये असली की तिचे कान मागे मऊ पडायचे. पुरे झालं की ताठ उभे राहायचे आणि पुढच्या क्षणी ती मान फिरवायची. हे ती त्याला सांगत होती, प्रत्येक वेळी, आणि त्याला ते वाचता येत नव्हतं, कारण तीन आठवड्यांचा असताना त्याला आईपासून उचललं होतं. जिने शिकवलं असतं ती किन्हीराजात राहिली. आणि धडक द्यायच्या आधी तो पुढचे पाय वाकवून, पार्श्वभाग वर करून, खेळायला बोलवायचा. अगदी रीतसर. पण तांबडी तेव्हा त्याच्या डोक्याकडे बघत असायची, आणि तिथे कानांच्या जागी दोन सुरकुतलेल्या कडा होत्या. ती गोठायची. तो त्याला होकार समजायचा.

त्या संध्याकाळी पप्पांनी निकाल दिला. काकू आईकडे येऊन गेल्या होत्या, गल्लीतले आणखी दोघे पप्पांना रस्त्यात भेटले होते.

"महिन्याच्या शेवटच्या इतवारी दादा साक्षगंधाले येऊन राह्यला इकडं, गाडी करून," पप्पा म्हणाले. "जाताना तोच घेऊन जाईन त्याले. वावरात मोकळं राहीन."

"तिथे तीन कुत्री आहेत," मी म्हणाले.

"मंग? कुत्रे आपसात पाहून घेतेत."

हे वाक्य मोठ्या बाबांचं. त्यांच्या तीन कुत्र्यांनी 'आपसात पाहून घेतलं' ते मला माहीत होतं. आधीच्या वर्षी कोणीतरी तिथे एक तरणं कुत्रं नेऊन सोडलं होतं, ते सहा दिवस टिकलं. आणि आमचा तर त्यांच्यावर पहिल्याच मिनिटाला छाती काढून धावून जाणार. खेळायला.

"तोवर सुधरलं तं ठेवू," पप्पा म्हणाले. म्हणजे माझ्याकडे तीन आठवडे होते.

मी इंटरनेटवर बघितलं. सगळीकडे हिरवीगार लॉन, कुंपण, आणि हसरी माणसं, ज्यांनी हाक मारली की कुत्रा येतो. त्यांच्या गल्लीत पानठेला नव्हता. तरी त्यातलं जे जमेल ते मी घेतलं. खेळण्याआधी त्याला थकवायचं. खेळ तापायच्या आत तोडायचा, थोडं थांबवायचं, मग पुन्हा सोडायचं. आणि दिवसभर बांधायचं नाही. हे शेवटचं मी पप्पांना न सांगता केलं. ते ऑफिसला गेले की त्याला साखळीतून काढून माझ्या खोलीत खुर्चीजवळ घ्यायचे. मी तक्रारींना उत्तरं लिहायचे, तो टेबलाचा पाय चावायचा.

पण खेळायला दुसरं कुत्रं लागतं, आणि दुसरं कुत्रं एकच होतं. चौथ्या दिवशी मी काकूंच्या ओट्यावर गेले. काय बोलायचं ते लिहून पाठ केलं होतं. काकूंनी मशीन थांबवलं नाही.

"काकू, मला सॉरी म्हणायचं होतं."

"टाके पडून चार दिस झाले. आज आठोलं?"

"नाही, तेव्हापासूनच..."

"तेव्हापासून काय तोंडात धरून बसली होती? इंग्रजी शाळेत बोलाचं शिकवत नाहीत काय वो, नुसतं वाचाचंच?"

 पाठ केलेलं सगळं गेलं. मग मी ड्रेसरकाकांचं बोलणं सांगितलं, कानांचं. ते कसं सांगितलं मला आठवत नाही. अर्धं इंग्रजीत गेलं असणार. वावरात नेणार आहेत तेही सांगितलं. काकूंनी मशीनचं चाक हाताने थांबवलं.

"टाके निंगू दे," त्या म्हणाल्या. "मंग पाहू. पण मी सांगंन तवा सोडाचं, मी सांगंन तवा ओढाचं."

टाके निघाले तेव्हा शेवटच्या रविवारला दहा दिवस राहिले होते.

दोरी म्हणून मी घरात पडलेला एक जुना कासरा घेतला, बैलांचा, चांगला लांब. त्यावरून व्हायची ती चेष्टा झालीच.

"काय ताई, डवरणी हाय काय आज?" पानठेल्यावरून पहिल्याच दिवशी आलं; डवरणी म्हणजे बैल जुंपून पिकातलं तण काढणं.

"बैल एकच हाय न बाप्पा, दुसरा कुठी गेला?"

"दुसऱ्या जागी ताई सोताच जुपली!"

काकू ओट्यावरून ओरडल्या, "लय दात निंगून राह्यले काय रे? छू म्हणाचं असन तं आपापल्या घरी जाऊन एकमेकायले म्हणा!" ते गप्प बसले. मला सहा महिने जे जमलं नव्हतं ते त्यांनी हातातला ब्लाउज खाली न ठेवता केलं. मला हायसं वाटायला हवं होतं. मला स्वतःची चीड आली.

रोज संध्याकाळी आधी मी त्याला स्टेशनच्या रस्त्याने दोन फेऱ्या पळवायचे. मग प्लॉटवर. काकू "सोड" म्हणाल्या की कासरा ढिला. तो झेपावायचा, मी मनात पाच अंक मोजायचे, काकू "बस!" म्हणाल्या की ओढायचं, मुठीतले फुटाणे द्यायचे, श्वास खाली येईपर्यंत उभं राहायचं. काकूंचं "बस" नेहमी माझ्या आधी यायचं. मी तांबडीच्या कानांकडे बघत असायचे, त्या तिच्या पाठीकडे. "पाठ आवळली पाहा तिनं," त्या म्हणायच्या. "कान मंग उठतेत. पाठ पयले." मी पुन्हा व्हिडिओ बघितले. खरंच होतं.

बहुतेक दिवस काही घडलं नाही, म्हणजे माझ्या तळहाताची साल निघाली, कासरा दोघांच्या पायात गुंतला, त्याने फुटाणे थुंकले. पण सहाव्या दिवशी पाचचे दहा झाले, दहाचे वीस, आणि काकू "बस" म्हणाल्याच नाहीत. तो जमिनीवर उताणा पडला होता आणि तांबडी त्याच्या गळ्यापाशी तोंड खुपसून उभी होती. त्याचे चारही पाय हवेत. काकू म्हणाल्या, "आता आला वळणावर." मी तो व्हिडिओ त्या रात्री घरात सगळ्यांना दाखवला. पप्पा म्हणाले, "हं." पप्पांचं 'हं' म्हणजे दोनपैकी एक सही.

आठव्या दिवशी एक दूधवाला मोटारसायकल घेऊन प्लॉटमधून आडवा गेला. याने उसळी मारली, कासरा माझ्या हातातून सोललेल्या तळव्यावरून सरकत निघून गेला, आणि तो तांबडीवर जाऊन आदळला. तसाच. जणू मधले सगळे दिवस त्याच्यासाठी नव्हतेच. रक्त नाही आलं. टाक्यांची जागा शाबूत होती. पण तांबडी उठली, अंग न झटकता सरळ ओट्यावर गेली आणि मशीनखाली शिरून भिंतीकडे तोंड करून बसली. नवव्या दिवशी ती खाली उतरली नाही. काकूंनी भाकरीचा तुकडा दाखवून बघितला. तिने तुकडाही घेतला नाही.

मी त्याला ओढत घरी आणलं आणि जिन्याखाली साखळीला बांधलं, माझ्याच हाताने. त्याने हात चाटला. मी काढून घेतला.

रविवारी वंदना आटोपून पप्पा विहारातून आले आणि थोड्याच वेळात मोठे बाबा साक्षगंधातून, म्हणजे साखरपुड्यातून, जेवून आले. सोबत भाड्याची पिकअप. ते खुर्चीत बसले, आईने चहा ठेवला. मला वाटलं, आता मी बोलले नाही तर पुन्हा चहा संपेल.

"मोठे बाबा, तुम्ही त्याचे कान कापले," मी म्हणाले.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझा आवाज मला हवा होता त्यापेक्षा बराच मोठा आला होता.

"त्यामुळे बाकीच्या कुत्र्यांना तो कळत नाही. आणि आईपासून लवकर आणला. म्हणून त्याला थांबायचं कळत नाही. त्याची चूक नाही. तिथे नेला तर तुमची कुत्री त्याला मारतील."

मोठे बाबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते थोडे हसले आणि बशी खाली ठेवली. "माया तिघायचेबी कान काटेल हायेत बाई. ते तं आपसात काई करत नाहीत."

"ते लहानपणापासून एकत्र वाढले."

"आमच्या बापानं काटले, त्याच्या बापानं काटले. एवढ्या सालात हे पहिल्यांदाच आयकून राह्यलो." मग पप्पांकडे वळून, "पोरगी बोलाले लागली रे तुयी. बरं झालं."

झालं. पाच मिनिटांत मी आयुष्यभराचं बोलले होते आणि त्यातून निघालं एवढंच की पोरगी बोलायला लागली. पप्पांनी साखळी सोडली. मला वाटलं होतं तो मागे ओढेल, पाय रोवेल, निदान माझ्याकडे बघेल. पिकअपचा मागचा फळका पडल्याबरोबर त्याने आपण होऊन उडी मारली आणि आत उभा राहून शेपूट हलवायला लागला. त्याला गाडीत बसायला मिळालं होतं. मला त्या क्षणी त्याला खरंच जाऊ द्यावंसं वाटलं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

"थांबा वो भाऊ!" काकू ओट्यावरून उतरत होत्या, गळ्यात मोजपट्टी. "कुठी नेऊन राह्यले त्याले?"

"वावरात," पप्पा म्हणाले. "तुमालेच तं तरास होता."

"मले होता, म्हणून काय मरायले धाडाचं? उद्या ते तिथं फाडलं गेलं तं गल्ली काय म्हणन? त्या मशीनवालीनं तकरार केली, म्हणून गेलं. जलमभर मायाच नावानं सांगतीन लोकं. मले नाही पाह्यजे हे."

"मंग करावं काय?"

"ठेवा घरी. पण माई तांबडी आता त्याच्यासंगं येणार नाही. तिले नाही खेळाचं, नाही खेळाचं." मग मोठ्या बाबांकडे बघून, "आन् तुमी भाऊ, पुढच्या पिल्लायचे कान काटाआधी डुकराले इचारून या, वाशीमले कवा येतं म्हणा."

मोठे बाबा हसले, पण या वेळी तोंड मिटून. पप्पांनी गाडीतल्या त्याच्या पट्ट्याला हात घातला आणि खाली ओढलं. उतरायला तो अजिबात तयार नव्हता. मोठे बाबा चहा अर्धा टाकून निघाले. जाताना आईला म्हणाले, येतो. मला काही म्हणाले नाहीत, आणि त्यानंतर दोन महिने फोनवरही त्यांनी माझी चौकशी केली नाही, हे आईने मोजून ठेवलं आहे.

तर तो राहिला. तो सुधारला म्हणून नाही. मी बोलले म्हणून तर मुळीच नाही. काकूंना आपल्या नावावर त्याचं मरण नको होतं, म्हणून.

पप्पांनी दिवसा साखळी सोडायची परवानगी दिली, दुपट्टा नाचवणं बंद केलं. त्यांनी ते कधी कबूल केलं नाही, नुसता दुपट्टा खुंटीवर ठेवायला लागले. मी त्याला रोज फिरवते. समोरून कुत्रं आलं की रस्ता बदलते, किंवा वळण नसेल तर त्याला माझ्या पायाशी घेऊन भिंतीला लागून उभी राहते आणि ते कुत्रं जाईपर्यंत वाट बघते. दहातल्या सहा वेळा तो उभा राहतो. उरलेल्या चार वेळा माझा खांदा दुखतो.

मागच्या आठवड्यात संध्याकाळी काकूंच्या घरासमोरून जाताना तो थांबला. तांबडी ओट्यावर होती. त्याने पुढचे पाय वाकवले, पार्श्वभाग वर केला. तिने बघितलं आणि मान फिरवून घेतली. मी कासरा आवळून धरला, आता उसळणार म्हणून. तो उसळला नाही. होता तिथेच रस्त्यावर पोट टेकून बसला, तिच्याकडे तोंड करून, आणि बसूनच राहिला. तिची फिरवलेली मान त्याला पहिल्यांदा कळली होती, की तो नुसता हटून बसला होता? त्याच्या डोक्याकडे बघून मला काही सांगता आलं नाही. उठ म्हटलं, उठला नाही. फुटाणे दाखवले, बघितले नाहीत. त्या आठवड्यात माझी संध्याकाळी सहाची शिफ्ट होती. मागून एक ऑटो हॉर्न वाजवत होता, त्याला बाजूने जावं लागलं. मी चिडून कासरा एकदा ओढला, दोनदा ओढला, आणि मग काकूंच्या खालच्या पायरीवर बसले.

काकूंनी सुईत दोरा ओवता ओवता माझ्याकडे बघितलं.

"बसाचं तं बस," त्या म्हणाल्या. "पण कुत्र्याले तिकडंच ठेव."